फक्त कॅल्क हवंय, बाकीचं कशाला?

लिब्रेऑफिस हा फुकटातला ऑफिस संच पहिल्यांदा बसवणारा माणूस हा प्रश्न हमखास विचारतो. हिशेबनिसाला कॅल्क पुरतं, टायपिंगवाल्याला रायटर, शाळेतल्या सरांना इम्प्रेस. मग एका शीटसाठी साडेतीनशे एमबीच्या घरातला इन्स्टॉलर का उतरवायचा? डिस्कवर दीड जीबी जागा मोकळी का ठेवायची? आणि चित्रांचं ड्रॉ, डेटाबेसचं बेस, सूत्रांचं मॅथ ही कधीच न उघडली जाणारी मंडळी मेनूत का सांभाळायची? प्रत्येक अ‍ॅप सुटं द्या की, ज्याला जे लागेल ते तो घेईल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मागणी रास्त आहे, पण तिच्यामागचं कारण चुकीचं आहे. जागा वाचेल म्हणून सुटं अ‍ॅप मागत असाल तर हाती फारसं काही लागणार नाही. सुटं मागायचंच असेल तर चालताना सुटं मागा, म्हणजे प्रत्येक अ‍ॅपची स्वतंत्र प्रोसेस (मशीनवर चालू असलेली प्रोग्रॅमची वेगळी प्रत). खरा त्रास तिथे आहे आणि त्याबद्दल कुणी ओरडत नाही.

आता कारणं.

लिब्रेऑफिसच्या प्रोग्रॅम फोल्डरमध्ये गेलात तर रायटरची, कॅल्कची, इम्प्रेसची वेगवेगळी ईएक्सई फाइल दिसते. त्यांचा आकार बघा, अगदी किरकोळ असतो. त्या फक्त दारावरची घंटा वाजवतात, आत उठतो तो एकच प्रोग्रॅम: एस-ऑफिस डॉट बिन. रायटर, कॅल्क आणि इम्प्रेसमधून एकेक कागद उघडा आणि टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये पाहा. तीन कागदांना मिळून हे नाव एकदाच सापडेल.

वजन कुठे आहे? खिडक्या, मेनू आणि अक्षरं पडद्यावर काढणारा भाग, फॉन्ट हाताळणारा भाग, छपाई, पीडीएफ, फाइल उघडण्या-साठवण्याचे फिल्टर, शब्दकोश, चित्रं आणि आकार काढणारं इंजिन, मॅक्रो. हे सगळं सामायिक. यातला मोठा हिस्सा तर एकाच भल्यामोठ्या लायब्ररीत (सगळ्यांनी मिळून वापरायच्या कोडच्या फाइलीत) एकत्र बांधलेला असतो. कॅल्कचं स्वतःचं म्हणावं असं जे आहे ते त्यापुढे लहान आहे. इम्प्रेस आणि ड्रॉ तर एकाच लायब्ररीची दोन रूपं आहेत. चाळीतल्या खोल्या सहा असल्या तरी जिना आणि पाण्याची टाकी एकच. पाच खोल्या रिकाम्या केल्या म्हणून टाकी लहान होत नाही.

हे असं का झालं, याला इतिहास आहे. मायक्रोसॉफ्टकडे वर्ड १९८३ मध्ये आलं, एक्सेल १९८५ मध्ये मॅकवर. पॉवरपॉइंट तर १९८७ मध्ये दुसऱ्या कंपनीकडून विकत घेतलेलं. ऑफिस नावाचा संच त्यानंतरचा, १९८९ चा. म्हणजे आधी सुटे प्रोग्रॅम जन्मले, मग त्यांना एका खोक्यात घातलं आणि पुढची कित्येक वर्षं सामायिक भाग हळूहळू बाहेर काढत बसले. लिब्रेऑफिसचा पूर्वज जर्मनीतल्या स्टारडिव्हिजनचा. तिथेही सुरुवात १९८५ मध्ये एकट्या स्टाररायटरने झाली, पण पुढे सगळं एकाच पायावर नव्याने उभारलं गेलं. स्टारऑफिस ५ च्या काळात तर सगळे कागद एकाच मोठ्या खिडकीत, स्टारडेस्कटॉपमध्ये उघडत. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये स्टारडिव्हिजन घेतली, पुढच्याच वर्षी कोड खुला करायची घोषणा झाली, ती एकच खिडकी गेली, २०१० मध्ये लिब्रेऑफिस वेगळं झालं. पाया मात्र एकत्रच राहिला. त्यामुळे ‘मायक्रोसॉफ्टला जमतं, यांना का नाही’ ही तुलना तितकीशी बरोबर नाही. दोन्ही घरं वेगळ्या दिशेने बांधली गेली आहेत.

आता सुटं करून दिलं तर काय होतं? याचं उत्तर अंदाजाने द्यायची गरज नाही, कारण लिनक्सवर ते झालेलंच आहे. डेबियन, उबुंटू, मिंट या लिनक्सच्या घराण्यात लिब्रेऑफिस तुकड्यातुकड्यांत मिळतं. रायटरचं पॅकेज वेगळं, कॅल्कचं वेगळं, मराठी इंटरफेसचं वेगळं. एकटं कॅल्क मागितलंत तरी त्याच्यामागोमाग कोअर, कॉमन, बेस-कोअर आणि लहानसहान लायब्रऱ्यांची रांग येते. यादीतलं सगळ्यात जड पॅकेज बहुतेक वेळा कोअरच असतं. शिवाय या पॅकेजांची कोअरशी बांधिलकी अगदी नेमक्या आवृत्तीची असते. रायटर जुनं ठेवून कॅल्क तेवढं नवं घ्यायचं म्हटलं तर अ‍ॅप्ट (तिथलं पॅकेजं बसवणारं साधन) सरळ नाही म्हणतं. म्हणजे सुट्या अपडेटचाही लाभ नाही.

या तुकड्यांमध्ये काही सापळे आहेत. लिनक्स लॅब सांभाळणाऱ्यांनी ते माहीत करून घ्यावेत.

पहिला मेल मर्जचा, म्हणजे एकाच पत्रात यादीतली नावं-पत्ते आपोआप भरण्याचा. उबुंटूच्या नेहमीच्या इन्स्टॉलमध्ये बेस नसतं, आणि ‘आम्हाला डेटाबेस कुठे लागतो’ म्हणून कुणाला ते खटकतही नाही. मग एखाद्या संस्थेला पाचशे सभासदांना पत्रं पाठवायची असतात, नावं-पत्ते कॅल्कच्या शीटमध्ये तयार असतात, आणि रायटरमध्ये डेटा सोर्स जोडताना गाडी अडते. कारण शीटमधले पत्ते ओळीओळीने वाचून पत्रात भरायचं काम रायटर स्वतः करत नाही, ते बेसच्या यंत्रणेकडून करून घेतं. बेसचं पॅकेज टाका, रायटर बंद करून उघडा, काम होतं. बेस हे नुसतं डेटाबेसचं अ‍ॅप आहे असं समजून ते वगळणाऱ्यांची फसगत इथे होते.

दुसरा गणिताच्या शिक्षकांसाठी. जागा वाचवायला ‘शिफारस केलेली पॅकेजं नकोत’ हा पर्याय लावून रायटर बसवलं की मॅथ येत नाही. रायटर मजेत चालतं, पण वर्डच्या फाइलमधली समीकरणं नुसती बघायची राहतात किंवा गायब होतात, आणि नवीन सूत्र घालायची सोयच नसते. दोष फाइलचा समजून लोक फॉन्ट शोधत बसतात.

तिसरा सगळ्यात वाईट. ड्रॉ नको म्हणून काढायला गेलात तर इम्प्रेसही जातं, कारण त्याचं पॅकेज ड्रॉवर अवलंबून आहे. आणि संपूर्ण संच ‘लिब्रेऑफिस’ या एका नावाने बसवलेला असेल, तर एक तुकडा काढल्याबरोबर ते छत्रीसारखं पॅकेजही निघतं. मग उरलेले रायटर आणि कॅल्क ‘आपोआप आलेले, आता कुणाला नको असलेले’ ठरू शकतात. कुणीतरी सफाई म्हणून ऑटोरिमूव्ह (नको ठरलेली पॅकेजं काढणारी आज्ञा) चालवतं आणि सगळं ऑफिस साफ. उपाय सोपा आहे: काढाकाढी करण्याआधी अ‍ॅप्ट-मार्क मॅन्युअल ही आज्ञा देऊन जी पॅकेजं ठेवायची आहेत ती हाताने बसवल्याची नोंद करून घ्या. आणि ‘काढले जातील’ ही यादी वाचल्याशिवाय वाय दाबू नका.

सामायिक पाया नको, प्रत्येक अ‍ॅप स्वयंपूर्ण द्या, असंही कुणी म्हणेल. तेही करून झालंय. मॅकवर मायक्रोसॉफ्टने २०१६ च्या आवृत्तीपासून ऑफिसचं प्रत्येक अ‍ॅप सँडबॉक्समध्ये (इतरांपासून वेगळ्या बंदिस्त जागेत) टाकलं, आणि २०१९ पासून वर्ड, एक्सेल वगैरे मॅक अ‍ॅप स्टोअरवर एकेक उतरवता येतात. अगदी मनासारखं. पण एका सँडबॉक्समधलं अ‍ॅप शेजारच्याचं सामान वापरत नाही, म्हणून प्रत्येकाच्या पोटात फॉन्टचा तोच संच आणि त्याच लायब्रऱ्या पुन्हा भरलेल्या. एकेक अ‍ॅप दोन जीबीच्या आगेमागे. एकटं वर्ड हवं असणाऱ्याची सोय झाली हे खरं, पण तीन-चार अ‍ॅप घेणाऱ्याच्या २५६ जीबीच्या मॅकबुकवर हा भार जाणवतो, आणि अपडेटही प्रत्येकाचं वेगळं उतरतं. हेच गणित लिब्रेऑफिसला लावलं तर सहा स्वयंपूर्ण अ‍ॅप्समध्ये तोच गाभा सहा वेळा येईल. सध्या मॅकवर लिब्रेऑफिस हे एकच अ‍ॅप आहे, आणि माझ्या मते ते बरं आहे.

विंडोजवर मायक्रोसॉफ्टची कथा उलट्या दिशेने गेली. जुन्या सीडीच्या काळात सेटअपमध्ये झाड उघडायचं आणि एकेका फांदीवर ‘नॉट अव्हेलेबल’ करता यायचं. ‘पहिल्या वापराच्या वेळी बसवा’ असाही पर्याय होता, आणि नेमकी घाई असताना तो सीडी मागायचा. क्लिक-टू-रन ही इंटरनेटवरून बसवायची नवी पद्धत आल्यावर हे झाडच गेलं. घरगुती वापरकर्त्याला आज काहीही विचारलं जात नाही, संच पूर्ण बसतो.

पर्याय आहे, पण तो लॅब किंवा ऑफिस सांभाळणाऱ्यांसाठी. मायक्रोसॉफ्टचं ऑफिस डिप्लॉयमेंट टूल उतरवायचं, त्याच्यासोबतच्या एक्सएमएल फाइलमध्ये प्रॉडक्टच्या चौकटीत जे नको त्याच्यासाठी ‘एक्सक्लूड अ‍ॅप’ची एकेक ओळ घालायची, मग सेटअप ‘कॉन्फिगर’ या स्विचने चालवायचा. हाताने लिहायचं नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवर बटणं चालू-बंद करून ही फाइल तयार मिळते. नंतर एखादं अ‍ॅप परत हवं झालं तर ती ओळ काढून तीच आज्ञा पुन्हा द्यायची. गफलत होते ती नावांत. स्काइप फॉर बिझनेस वगळायचं तर फाइलमध्ये त्याचं जुनं नाव लिंक लिहावं लागतं, आणि जुन्या वनड्राइव्ह फॉर बिझनेससाठी ग्रूव्ह. नवं वनड्राइव्ह आणि टीम्स यांच्या ओळी वेगळ्या. चालू नाव लिहून ‘वगळलं तरी आलंच’ म्हणणारे बरेच असतात.

पण एक्सेल वगळताना जपून. वर्डमध्ये किंवा पॉवरपॉइंटमध्ये चार्ट घातला की त्यामागची शीट एक्सेल उघडतं. एक्सेल नसेल तर चार्ट चित्रासारखा दिसत राहतो आणि त्यातले आकडे धड बदलता येत नाहीत. आउटलुक काढलं तर वर्डमधून ईमेलचं मेल मर्ज गेलं. अ‍ॅक्सेस, पब्लिशर, वननोट हे बहुतेक ठिकाणी निर्धास्त वगळण्यासारखे.

सुटं विकत घेणाऱ्यांचा त्रास आणखी वेगळा. एकाच मशीनवर ३२ बिट आणि ६४ बिट ऑफिस एकत्र नांदत नाही. वर्षापूर्वी कुणी ३२ बिटचं एकटं वर्ड घातलेलं असतं, आता ६४ बिटचं एक्सेल घालायला गेलं की सेटअप पहिल्याच पानावर थांबतो. २०१६ च्या पिढीत एमएसआय या जुन्या इन्स्टॉलर पद्धतीचं व्हिजिओ (मायक्रोसॉफ्टचं आकृत्यांचं अ‍ॅप) आणि क्लिक-टू-रनचं ऑफिस यांचंही असंच वाकडं होतं. सुटी अ‍ॅप्स खरं तर सुटी नसतात, हे तेव्हा कळतं.

आता मूळ मुद्दा, चालतानाच्या सुटेपणाचा.

वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट या तीन वेगळ्या प्रोसेस आहेत. एक्सेल लटकलं तर वर्डमधलं पत्र सुखरूप. लिब्रेऑफिसमध्ये तसं नाही. कॅल्कमध्ये चाळीस हजार ओळींची एक्सेल फाइल उघडायला घेतली किंवा व्हीलुकअपने भरलेली शीट पुन्हा मोजायला लागली, की शेजारच्या रायटरच्या खिडकीतही कर्सर थिजतो. कारण पडद्यावरचं सगळं काम एकाच मुख्य धाग्यावर चालतं आणि त्याला एकच मोठं कुलूप आहे. ते कॅल्कने धरलं की रायटर रांगेत. आणि कॅल्क कोसळलं तर उघडे असलेले सगळे कागद एकदम जातात. पुन्हा उघडल्यावर रिकव्हरीची यादी येते, बहुतेक मजकूर परत मिळतो, पण ज्याने दोन तास टायपिंग केलंय त्याचा जीव तेवढ्यात वर-खाली होतो.

डिस्क आज स्वस्त आहे. हा त्रास मात्र जुन्या मशीनवर रोजचा आहे, आणि एकटं रायटर इन्स्टॉल करून तो जात नाही. ज्याला दोन्ही लागतात त्याचं काय?

यावर तोडगा आजच उपलब्ध आहे, फक्त तो मेनूत कुठेच नाही. लिब्रेऑफिस एकच प्रोसेस धरून बसतं याचं एक मोठं कारण म्हणजे युजर प्रोफाइल, तुमच्या सेटिंग्जचं फोल्डर. सगळ्या सेटिंग्ज एका फाइलमध्ये लिहिल्या जातात आणि दोन प्रोसेस एकाच वेळी तिच्यात लिहायला लागल्या तर ती बिघडेल, म्हणून दुसऱ्यांदा सुरू केलेलं लिब्रेऑफिस आधीच्याला शोधतं, फाइल त्याच्या हवाली करतं आणि स्वतः बंद होतं. प्रोफाइलच वेगळं दिलं की प्रोसेस वेगळी होते.

विंडोजवर असं करा. लिब्रेऑफिस पूर्ण बंद करा, क्विकस्टार्टर (लिब्रेऑफिस आधीच मागे तयार ठेवणारा भाग) चालू असेल तर तोही. अ‍ॅपडेटा, रोमिंग, लिब्रेऑफिस, ४ या वाटेवरचं ‘युजर’ फोल्डर शोधा. आवृत्ती २४ असो वा २५, तिथला आकडा ४ च असतो, त्याला बिचकू नका. डी ड्राइव्हवर ‘कॅल्कप्रोफाइल’ असं नवं फोल्डर करा आणि ‘युजर’ फोल्डर अख्खं त्यात कॉपी करा. आता एस-ऑफिसचा नवा शॉर्टकट बनवा, प्रॉपर्टीजमध्ये टार्गेटच्या ओळीत अवतरणचिन्ह संपल्यावर एक जागा सोडून डॅश-डॅश-कॅल्क, पुन्हा जागा, मग एकच डॅश, ईएनव्ही, कोलन, युजर-इन्स्टॉलेशन हे सलग, बरोबरचं चिन्ह, फाइल, कोलन, तीन तिरक्या रेघा आणि फोल्डरचा पत्ता. टाइप अर्थातच रोमन लिपीत करायचं. लोक चुकतात त्या जागा तीन: ईएनव्हीआधी दोन डॅश देणं, पत्त्यात विंडोजच्या उलट्या रेघा ठेवणं, आणि फोल्डरच्या नावात मोकळी जागा असणं. युजर-इन्स्टॉलेशनमधला यू आणि आय कॅपिटल लिहा. पत्ता ‘कॅल्कप्रोफाइल’पर्यंतच द्या, ‘युजर’ ते स्वतः शोधतं.

या शॉर्टकटने कॅल्क उघडा, रायटर नेहमीसारखं उघडा, टास्क मॅनेजर बघा. एस-ऑफिस डॉट बिन दोनदा दिसलं की जमलं.

आता याची किंमत. रिकामं कॅल्कसुद्धा शंभर एमबीहून जास्त रॅम खातं, त्यामुळे ४ जीबीच्या मशीनवर हे ठीक, २ जीबीवर करू नका. फाइलवर डबल-क्लिक केलं तर ती मूळ प्रोफाइलमध्येच उघडते, म्हणून जड शीट या शॉर्टकटमधून ओपन करून उघडायची सवय लावावी लागते. तीच फाइल चुकून दोन्हीकडे उघडली तर लॉक फाइलमुळे ‘दुसरा कुणी वापरतोय’ असा इशारा येतो. तो दुसरा तुम्हीच. आणि मराठीत काम करणाऱ्यांसाठी महत्त्वाचं: तुम्ही शब्दकोशात स्वतः भरलेले शब्द, ऑटोकरेक्टच्या जोड्या, देवनागरीसाठी चालू केलेली कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटची सेटिंग आणि तिथला ठरावीक फॉन्ट, हे सगळं प्रोफाइलमध्ये असतं. म्हणूनच वर नवं कोरं फोल्डर न देता जुनं कॉपी करायला सांगितलं. यापुढे मात्र रायटरमध्ये शिकवलेला शब्द कॅल्कला कळणार नाही. अ‍ॅप्स पूर्ण सुटी झाली असती तर हीच कटकट सहा ठिकाणी झाली असती, हेही लक्षात घ्या.

म्हणून लिब्रेऑफिस बनवणाऱ्यांकडे मागायचंच तर हे मागावं: सेटिंग्जमध्ये ‘कॅल्क वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवा’ असा एक टिकबॉक्स, आणि शब्दकोश नि ऑटोकरेक्ट दोन्हीकडून वाचता येतील अशी सोय. काम सोपं नाही. ते एकच कुलूप वर्षानुवर्षांच्या कोडमध्ये मुरलेलं आहे. पण प्रोफाइलची वाट आधीच आहे, तिला बटण देणं तितकं अवघड नसावं.

इन्स्टॉलच्या वेळची निवड हवीच असेल तर ती इतर गोष्टींची असावी, आणि ती आजही आहे. विंडोजवर कस्टम निवडून नको असलेल्या इंटरफेस भाषा, परके शब्दकोश आणि ऐच्छिक भाग काढता येतात. इंग्रजी आणि मराठी ठेवून बाकी भाषा वगळल्या तर एखादं अ‍ॅप काढण्यापेक्षा जास्त फरक पडतो. मेनूत सहा नावं नको असतील तर स्टार्ट मेनूतले शॉर्टकट पुसून टाका, बिघडत काहीच नाही.

फोनवरचा मामला निराळा, तिथे जागा खरोखरच कमी असते. गुगलने डॉक्स आणि शीट्स २०१४ मध्ये सुटी केली, मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट एकत्र करून एक अ‍ॅप दिलं आणि सुटीही चालू ठेवली. तिथे दोन्ही असू द्यावं.

जाता जाता ड्रॉबद्दल, कारण ‘काढून टाका’च्या यादीत ते नेहमी पहिलं असतं. पानांची मांडणी करणाऱ्या मायक्रोसॉफ्ट पब्लिशरच्या सपोर्टची मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. लग्नपत्रिका, हँडबिलं, शाळेची प्रमाणपत्रं पब्लिशरमध्ये करून ठेवलेली दुकानं आपल्याकडे कमी नाहीत. त्या फाइली उघडणारं फुकटातलं जे थोडं काही आहे त्यात लिब्रेऑफिसचं ड्रॉ येतं, २०१३ च्या ४.० आवृत्तीपासून. मांडणी थोडी हलते, जुन्या नॉन-युनिकोड मराठी फॉन्टची फाइल असेल तर तो फॉन्ट मशीनवर असावा लागतो, पण मजकूर आणि चित्रं बहुतेक हाती लागतात. पब्लिशर चालतंय तोवर प्रत्येक फाइलची पीडीएफ काढून ठेवा, आणि ड्रॉ काढलं असेल तर परत बसवा.